सरांचा गुडघा

परवा इथं तुळजापुरातच नातीच्या शाळेत जाऊन आले. गाण्याच्या तासाला तिचं लक्ष नसतं, सारखी चुळबुळ करते, अशी तिच्या मॅडमची तक्रार होती. पोर रडवेली झाली, म्हणून येताना रिक्षात तिला माझीच गोष्ट सांगितली...

साठच्या दशकातलं नळदुर्ग. मी चौथीत होते आणि माझे पाय बसल्या जागी नाचायचे. बाक हलायचा, शेजारच्या मुली वैतागायच्या. वडिलांनी, म्हणजे आमच्या अण्णांनी, बजावलंच होतं, "अजून एक तक्रार आली की शाळा बंद. रानात लई कामं पडल्यात."

मला शाळा मनापासून आवडायची हो... फक्त एका जागी बसणं जमायचं नाही.

गाण्याचे सर जळकोटहून सायकलवर यायचे. शाळेत पायपेटी होती, टेबलाएवढी, खाली पायानं भाता मारायची. एकदा माझा बाक इतका वाजला की सर वाजवायचे थांबले. मला वाटलं, संपली आपली शाळा.

सर म्हणाले, "इकडं ये. माझा गुडघा लई धरलाय बघ. आजपासून भाता तू मारायचा, मी नुसती बोटं चालवतो."

मग वर्षभर मी त्यांच्या शेजारी बसून भाता मारला. पाय थांबला की सूर तुटायचा, त्यामुळं कान सगळा वेळ पेटीकडे. गाणी कधी पाठ झाली ते कळलंसुद्धा नाही.

घरी तक्रार गेलीच नाही. उलट अण्णा भेटेल त्याला सांगायचे, "सरांचा गुडघा दुखतोय, आमची पोरगी हाय म्हून पेटी वाजती." आणि मी? तो गुडघा बरा होऊ नये म्हणून रोज आई भवानीला हात जोडायचे...

नात सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "आजी, गुडघा दुखत होता, तर जळकोटहून सायकल कशी मारायचे गं?"

रिक्षा घराशी येऊन थांबली तरी मी उतरायचंच विसरले. इतक्या वर्षांत हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही... डोळे भरून आले.

सर आता नाहीत. सोमवारी पुन्हा नातीच्या शाळेत जाणार आहे. मॅडमना ही गोष्ट सांगून म्हणणार आहे, तुमचाही गुडघा थोडा दुखू द्या.