कोपऱ्यातला निळा पक्षी

"इथला निळा पक्षी कुठाय?" प्रधानबाईंनी विचारलं.

रोह्याला त्यांच्या घरी मी नुकताच गालिचा पसरला होता. बाई निवृत्त शिक्षिका. गुडघ्यांवर बसून त्या कोपरा चाचपत होत्या.

"तो डिफेक्ट होता, बाई. काढला आणि किनार सरळ केली." हे मी अभिमानाने म्हणालो.

"डिफेक्ट नव्हता हो तो. माझ्या मीनूनं विणला होता."

पेणला रामवाडीत माझं इराणी गालिचे धुण्याचं आणि रिपेअरचं वर्कशॉप आहे. हा गालिचा हेरिजचा. इराणात गावागणिक नक्षी बदलते. काशानच्या गालिच्यात वेली वळत जातात. हेरिजला पानंफुलंसुद्धा कोनांत, पट्टीने आखल्यासारखी. ही सगळी नक्षी लोकरीच्या गाठींची. ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या जोडीवर एकेक गाठ मारत जायचं.

बाईंच्या गालिच्याला कसर लागली होती. फोनवर त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "कड तेवढी नीट करून द्या."

कसरीने खाल्लेला भाग भरून झाला. त्याच्या शेजारी, लाल किनारीत काही निळ्या गाठी होत्या. ढिल्या, तिरक्या. त्यांतून पक्ष्यासारखं काहीतरी दिसत होतं. माझ्याकडे कामाला असलेल्या कुंदाताई हसल्या. "दादा, ह्या गाठी हायत का माझ्या पोराच्या बुटाची नाडी?"

मीही हसलो. चिमट्याने त्या गाठी उपसल्या आणि लाल लोकर भरली. मला कुणी सांगितलं नव्हतं. कसर तिथवर पोचलीही नव्हती. पण फिनिशिंगमध्ये वाकडं काही राहिलं की माझा हात थांबत नाही.

बाईंनी सांगितलं, त्यांचे यजमान पूर्वी इराणात तबरीजला नोकरीला होते. तिथली शेजारीण हेरिजची. तिने घरच्या मागावर हा गालिचा त्यांच्यासाठी विणला. बाईंच्या तिसरीतल्या लेकीला, मीनूला, शेजारी बसवून गाठ शिकवली. मीनूचं वाकडं विणलेलं तिने उसवलं नाही. त्याच हिवाळ्यात मीनू तापाने गेली.

"काढलेली लोकर असेल ना?" बाईंनी विचारलं.

मी वर्कशॉपला फोन लावला. कुंदाताई म्हणाल्या, "कचरा कालच पेटवला, दादा. काय पायजे होतं काय त्यात?"

मी फोन खाली ठेवला. बाईंना तेवढ्यावरून कळलं.

"माझ्याकडे कामाआधीचा फोटो आहे," मी कसाबसा म्हणालो. "अगदी तशाच वाकड्या गाठी मारून देतो."

"नको. तुम्ही मुद्दाम वाकड्या माराल. ती सरळ मारायला बघत होती."

त्यांनी कोपऱ्यावरून पुन्हा हात फिरवला. "काम सुबक झालंय हो," म्हणाल्या.

आता काम हातात घेण्याआधी मी मालकाला गालिच्यापाशी बसवतो. यातली कुठली चूक ठेवायची, ते विचारतो. बहुतेक लोक हसतात. हसू देतो आणि पुन्हा विचारतो.