बाई शिफारस करतात

आमच्या घरमालकीणबाईंनी शिफारस केलेला माणूस डोळे मिटून घ्यावा. कारण बाईंनी त्याच्याबद्दलचं एकेक विशेषण डोळ्यांत तेल घालून तपासलेलं असतं, आणि तेवढं तपासून झाल्यावरही त्यांना धड झोप लागलेली नसते. बाई संख्याशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. त्यांचे पूर्वज कधीकाळी तंजावरला आले ते तिकडचेच झाले, त्यामुळे बाईंची मराठी माझ्या खापरपणजीच्या वेळची आणि हेल मात्र पक्का तमिळ. मी शहराबाहेर सिरुसेरीच्या आयटी पार्कात सॉफ्टवेअरच्या चुका शोधायची नोकरी करते आणि बाईंच्या माडीवर राहते. साताऱ्याहून नवी आले तेव्हा त्यांनी जिन्यातच "जेवलीस कीं?" म्हणून विचारलं होतं. मला चक्क रडू आलं होतं.

बाईंना निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी परदेशी निघालेले जुने विद्यार्थी शिफारसपत्रासाठी येतच असतात. सगळीकडची रीत अशी, की पत्र विद्यार्थ्यानंच लिहून आणायचं आणि सरांनी खाली सही ठोकायची. असं पत्र घेऊन आलेल्या एका मुलाला मी पाहिलं आहे. बाईंनी चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली आणि त्याच्या हातात परत दिलं. "फार चांगला मुलगा दिसतो हा," त्या म्हणाल्या, "मज भेटव कीं एकदा." बिचारा कॉफी न पिताच निघाला होता. बाईंनी त्याला बसवून घेतलं, तासभर प्रश्न विचारले आणि मग स्वतः नवं पत्र लिहिलं. ते निम्म्या लांबीचं झालं.

पत्र लिहायला बसल्या की बाई घर डोक्यावर घेतात. आपल्या एका चुकीनं कुणाचं तरी वर्ष फुकट जाईल, ही धास्ती. जुने हजेरीपट निघतात, वह्या निघतात, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहतात. एकदा एका मुलीबद्दल त्यांनी 'तासाला कधीही उशिरा आली नाही' असं लिहिलं आणि लगेच शंका आली. फोन लावला. ती मुलगी टी. नगरच्या दुकानात बहिणीच्या लग्नाच्या साड्या बघत होती. "मॅडम, तीनदा आले होते उशिरा," ती त्या गर्दीतून ओरडली, "बसच मिळाली नव्हती!" बाईंनी पत्र दुरुस्त केलं: तीन वेळा उशीर, तिन्ही वेळा कारण खरं. तिला प्रवेश मिळाला. पण पत्र पाठवल्यावर दोन दिवस बाईंना सांबारात मीठ कळत नव्हतं. मला हाक मारून विचारत, "'हुशार' लिहिलं तें पुरे होतं. 'अतिशय' काय म्हणून लिहिलं मीं?"

मग माझी पाळी आली. मला जर्मनीत संख्याशास्त्र शिकायला जायचं होतं आणि एक पत्र कमी पडत होतं. बाई घरच्याच, म्हणून मी सहज विषय काढला. त्या दचकल्याच. "तुज मीं शिकवलंच नाहीं! काय लिहूं? कपडे नीट वाळत घालतीस म्हणून?" मी हिरमुसले. दुसऱ्या रविवारी सकाळी खालून हाक आली. टेबलावर कोरी वही, पेन्सिल आणि फिल्टर कॉफी. त्यानंतर वर्षभर एकही रविवार चुकला नाही. बाईंनी मला पहिल्यापासून शिकवलं. चुकले की वही माझ्याकडे सरकवून गप्प बसत, चूक मलाच सापडेपर्यंत. इतकं मन लावून मला कॉलेजातही कुणी शिकवलं नव्हतं.

अर्ज मी पुढच्या वर्षी भरला. मुदत संपायला एक दिवस उरला तरी बाईंचं पत्र गेलेलं नव्हतं. तपासत असतील, म्हणून मी आठवण करून दिली नाही. शेवटच्या संध्याकाळी ते गेलं एकदाचं. दुसऱ्या दिवशी मी कंपनीच्या बससाठी निघते आहे, तर बाई गुडघे धरत माडी चढून दारात उभ्या.

"चूक झाली, कण्णा." मायेनं त्या मला कण्णाच म्हणत.

मी बॅग खाली ठेवली. नाव चुकलं? विद्यापीठ चुकलं?

"लिहिलंय, हिची शिफारस करताना मज जराही संकोच वाटत नाहीं. सगळेच लिहितात, मींही लिहिलं. पण तें खोटं आहे. पत्र तीन आठवडे तयार होतं. पाठवायला बसें आणि उठून जाईं. पाठवलं तर तू जाशील कीं." त्यांनी पदरानं चष्मा पुसला. "विद्यापीठाला कळवूं का? चूक ती चूक."

मी त्यांचा हात धरला. नका कळवू म्हणाले. बस चुकली त्या दिवशी.

प्रवेश मिळाला. पुढच्या महिन्यात निघायचं आहे. माझ्या अर्जात मीही लिहिलं होतं, की प्रवेश मिळाला तर मी आनंदानं येईन. ते वाक्य दुरुस्त करून कळवावं, असं हल्ली मला रोज वाटतं.