पोटरीवरचा पट्टा आणि सरोजाक्का

खेळाडूंच्या चाचण्या घेणाऱ्या सरोजाक्कांनी माझं नाव विचारायच्या आधी माझ्या पोटरीला पट्टा बांधला. "आधी पळून ये, मग बोलू." मी म्हटलं, मी यंत्र विकायला आलेय, शिवाय साडीत आहे. "मग खोच की गं साडी! स्वतः न पळता पळणाऱ्यांची यंत्रं विकतेस?"

पळाले. दुसरा इलाज नव्हता.

बोम्मसंद्र्यातल्या आमच्या कारखान्यात स्नायूंमधला ऑक्सिजन मोजणारी यंत्रं बनतात. काडेपेटीएवढी डबी पट्ट्याने पोटरीवर बांधायची. तिचा प्रकाश कातडीखाली शिरतो आणि पडद्यावर रेघ उमटते. माणूस पळाला की रेघ उतरते, थांबला की चढते. अक्कांना रस त्या चढण्यात. खेळाडू थांबला की त्या पडद्यासमोर अशा उभ्या राहत, जणू शर्यत आत्ताच सुरू झालीय. "दमतात सगळेच. सावरतो कोण, ते बघायचं."

त्यांचं मराठी घराणं तीन पिढ्या कानडी मुलखातल्या बसवनगुडीतलं. मराठी बोलताना कानडी 'स्वल्प' म्हणजे जरा आणि 'सरी' म्हणजे बरं, कधी येऊन जात, त्यांनाही कळत नसे.

रम्याची चाचणी होती त्या सकाळी मी तिथेच होते. आठशे मीटर पळणारी मुलगी, डाव्या पोटरीचा स्नायू फाटून बरा झालेला. संघ त्याच दुपारी ठरणार होता. दोन्ही पायांना डब्या बांधून ती जीव खाऊन पळाली, थांबली. उजव्या पायाची रेघ झरझर चढली. डाव्याची तळाशीच रेंगाळली.

तिचे प्रशिक्षक उठले. "संपलं, मॅडम. पाय तयार नाही. दुसरीचं नाव देतो."

रम्या खाली बसून पट्टा सोडू लागली. अक्का वाकल्या आणि ओरडल्या, "हे काय गं?" डाव्या पोटरीवर पट्ट्याचा खोल, पांढराफटक वळ उमटला होता.

"सैल वाटला, अक्का. पळताना डबी घसरली तर? म्हणून मीच आवळला."

"अगं, रक्तालाच वाट ठेवली नाहीस, ऑक्सिजन काय उडत येणार? सर, बसा. पुन्हा मोजू."

"मला वेळ नाही."

"तिलाही नाही. स्वल्प बसा!"

ते बसले. रम्याला पुरती विश्रांती दिली. मग अक्कांनी स्वतः पट्टे बांधले, आत एक बोट घालून पाहिलं. रम्या पुन्हा पळाली. थांबली, तेव्हा आम्ही सगळे पडद्यासमोर, प्रशिक्षक सर्वांत पुढे. दोन्ही रेघा तळाला. उजवी हलली. आणि तिच्या मागोमाग डावी! चढली, चढली, जवळजवळ खांद्याला खांदा लावून वर आली. मी चक्क टाळ्या वाजवल्या.

"सरी," प्रशिक्षक म्हणाले. "हिचंच नाव देतो."

रम्याने अक्कांना घट्ट मिठी मारली. "सोड गं! आता मला आवळतेस?"

गेल्या वर्षी अक्का निवृत्त होऊन म्हैसूरला गेल्या. आमच्या नव्या यंत्रात पट्टा जास्त आवळला की तांबडा दिवा लागतो. मी हौसेने फोन करून सांगितलं.

"दिवा?" अक्का म्हणाल्या. "पळणारी पोर पोटरीकडे बघत बसेल का? ओरडायला पाहिजे त्याने!"

सध्या भोंगा बसवतेय.