तारेखालची कप्पी

आज डोंबिवलीत गिटारच्या दुकानात गेलेलो. ब्रिजवर तारा जिथे टेकतात, ते सॅडल बदलायचे होते. मेकॅनिक बघतच राहिला. "हे बदलू नका साहेब! कोणी बनवले?"

कोपरीच्या लेथवाल्या कोळी काकांनी, ब्याण्णव साली. ब्रिजला जोडलेला दांडा दाबून सूर थरथरवला की सॅडलपाशीच घासून माझी तार तुटायची. काकांनी गिटार पहिल्यांदाच हातात घेतलेली. म्हणाले, "शिडाच्या दोरीला कप्पी असते, तुझ्या तारेला का नको रं?" आणि सहा इवलीशी पितळी चाकं कातून दिली. त्या नवरात्रात टेंभी नाक्यावर नऊ दिवस वाजवलं, एक तार तुटली नाही. काय डोकं माणसाचं!

"एकदा येऊन वाजवून दाखव," एवढंच म्हणालेले. मी गेलोच नाही.

सांगा, तीस वर्षं उशिरा गेलं तर चालतं का?