फझच्या आधी ट्यूनर

सई जमिनीवर बसून गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलची रांग सोडवत होती. ती रांग मीच लावून दिली होती: आधी सूर तपासणारा ट्यूनर, मग आवाज फाडून जाडा करणारा फझ. सूर आधी, बाकी सगळं नंतर, असं माझं ठाम मत. फझ कर्कश वाजला की मी लेकीला म्हणायचो, "तुझा हात जड आहे."

आज तिने फझ थेट गिटारला जोडला आणि ट्यूनर त्याच्यानंतर लावला. तार छेडली, तर आवाज भरदार आणि उबदार आला.

"बाबा, हा ट्यूनर बंद असला तरी गिटारचा नाजूक सिग्नल दणकट करूनच पुढे देतो. फझला तो कच्चा लागतो. माझा हात ठीक आहे."

मला कालचे पाहुणे आठवले. पुढे काय शिकणार, असं त्यांनी सईला विचारलं होतं. उत्तर मी दिलं होतं, चांगलं दणकट. ती तोंड उघडून तशीच राहिली होती.

स्वयंपाकघरातून तिच्या आईने विचारलं, "सई, जमलं का गं?"

"जमलं, जमलं," मी म्हणालो.

सईने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी खाली मान घालून उगाच वायर गुंडाळू लागलो.