माझंच तेवढं ऐकू येत नाही

आमच्या ह्यांना कारखान्यात भोंगा म्हणायचे. शेजारी बसलेल्याशी बोलायचं तरी आवाज असा, की समोरच्या इमारतीतली माणसं खिडकीत येतात. तोंडावर मी त्याला 'अहो' म्हणते. मनातल्या मनात ते कधीच सोडून दिलंय.

उभं आयुष्य त्याने पत्र्याच्या डब्यांची झाकणं कापायच्या प्रेसवर काढलं. एकदा घराची किल्ली द्यायला मी आत गेले होते. दणका कानात नाही, दातांत बसत होता. माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलत होती. हा मात्र मजेत, शीळ घालत उभा. ती त्याची त्यालाही ऐकू येत नसणार.

घरात माझं म्हणून काही ऐकू येत नसे. साहेबाचा फोन कळे, जिन्यात मित्र खाकरला तरी हा उठून दार उघडे. मी हाक मारली की भिंत, फार तर एक 'काय?'. मुलगी लहान असताना काही सांगायला आली, तर "नीट बोल, पुटपुटू नकोस," म्हणून तिच्यावरच डाफरायचा. कानाडोळा करतो, दुसरं काय! बायकोचं बोलणं म्हणजे तोंडाची वाफ, हे त्याने ठरवूनच टाकलं होतं.

तेही मी गिळलं असतं. माझी आई गेली तो दिवस मात्र मला गिळता आला नाही. सकाळी भावाचा फोन आला. हा रात्रपाळी करून येऊन आडवा झाला होता. मी दारात उभी राहून म्हटलं, "अहो, आई गेली."

डोळेही न उघडता म्हणाला, "बरं झालं. चहा टाक."

मी एकटीच पुढे गेले. नंतर तोही माहेरी आला, पाहुण्यांची ऊठबस केली, डोळे पुसले. मी बघत होते आणि मनात म्हणत होते, काय सोंगाड्या आहेस! या गोष्टीला सात वर्षं झाली. मी त्याला कधी विचारलं नाही. विचारायचं काय? ऐकलंच होतं मी.

तो निवृत्त झाला आणि दिवसभर डोळ्यांसमोर दिसायला लागला, तेव्हा मी ठरवलं, बस झालं. मुलगी कधीची तिच्याकडे राहायला बोलावत होती. पण जायच्या आधी मला कानांच्या डॉक्टरकडून वदवून घ्यायचं होतं, की याचे कान ठणठणीत आहेत. म्हणजे मी का गेले ते जगाला कळलं असतं.

डॉक्टरांचा आवाज पिंपातून आल्यासारखा जाड. ह्याने पटापट उत्तरं दिली.

"बघितलंत?" मी म्हटलं. "तुमचं सगळं कळतं."

डॉक्टरांनी त्याला काचेच्या खोलीत बसवून कानांवर यंत्र लावलं. मग बाहेर आणून मला त्याच्या पाठीमागे उभं केलं. "एकेक शब्द बोला. ओरडू नका."

"साखर," मी म्हटलं.

"घागर," हा म्हणाला.

"काठी."

"गादी."

मी हसले. मग आपण एकटेच हसतोय हे लक्षात आलं.

"कानाच्या आत खोलवर शंखासारखी वळलेली नळी असते," डॉक्टर म्हणाले. "तिच्यात केसांसारखी टोकं असलेल्या पेशी असतात. दणक्यांनी त्या मरतात आणि परत येत नाहीत. बारीक आवाज टिपणाऱ्या आधी जातात. म्हणून माझं कळतं, बायकांचं आणि लहान मुलांचं कळत नाही. आवाज येतो त्यांना, शब्द कळत नाही."

मी मनात दोन शब्द शेजारी ठेवून पाहिले. गेली. आली. 'आई आली' असंच ऐकलं असणार त्याने. सासू आली, बरं झालं, चहा टाक. त्या क्षणी मी त्याला सगळं माफ करायला तयार होते, अगदी मनापासून.

"कारखान्यात कानात घालायला बुचं देत नव्हते?" डॉक्टरांनी विचारलं.

"द्यायचे की!" भोंगा वाजला. "पण ती घातली तर मशीन बिघडलेलं कळत नाही. मी घरी आणायचो. झोपताना घालायला."

"घरी कसला आवाज?"

त्याने अंगठा माझ्याकडे केला आणि हसला. डॉक्टरही हसले. पुरुषांना असले विनोद लगेच कळतात.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. प्रेसला कान उघडे, आणि माझ्यासाठी बुचं! मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. सावकाश म्हटलं, "मी 'आई गेली' सांगितलं. तुम्ही 'बरं झालं' म्हणालात."

त्याचा चेहरा उतरला. "मी? असं म्हणालो?"

"त्या सकाळी बुचं होती का कानात?"

तो माझ्या ओठांकडे बघत राहिला. "होती," म्हणाला. इतक्या हळू मी त्याला कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

खोटं बोलता आलं असतं त्याला. डॉक्टरांनी सगळी सोय करून ठेवली होती. खरं बोलला, याचा मला आणखीच संताप आला.

निघताना डॉक्टरांनी मला शिकवलं. समोर बसा, तोंड दिसू द्या, आवाज खाली आणा, सुटं सुटं बोला. घरी आल्यावर मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले. निघताना 'येते' म्हणायची जिभेला सवय असते. ती आवरली, आवाज जाड केला आणि म्हटलं, "मी जाते."

या वेळी तो 'काय?' म्हणाला नाही.