कबूल करा, कोंपाद्रे

तांक्रेदो मोराला भांडायला माणूस लागायचा. एक वेळ जेवण नसलं तरी त्याचं चालायचं. साखर कारखान्यात उसाच्या गाड्या रिकाम्या करण्यात जन्म गेला, लग्न करायचं राहून गेलं, आणि बेसबॉल सोडून इतर कशाबद्दल त्याला काही मत आहे असं सान पेद्रो गावात कुणी कधी ऐकलं नव्हतं. कुठल्या पिचरला कुठल्या डावात बाहेर काढायला हवं होतं, हे तो भर रस्त्यात मोटरसायकली अडवून सांगायचा. सोन्यासारखा माणूस वगैरे काही नव्हता. हेकट होता, तिरसट होता, आणि एकटा होता.

त्याला पुरून उरणारा एकच, विल्मोर फिप्स. ऊस तोडायला इंग्रजी बोलणाऱ्या छोट्या बेटांवरून आलेल्यांचा हा नातू बोलायला संथ, पण मुद्दा सोडायचा नाही. विल्मोरच्या मुलीचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता तांक्रेदो. त्या नात्याने दोघे एकमेकांना कोंपाद्रे म्हणत (बाईमाणसाला कोमाद्रे) आणि ‘तुम्ही’शिवाय बोलत नसत. शिव्यासुद्धा ‘तुम्ही’ लावूनच दिल्या जायच्या.

दुपारचे चार वाजले की विल्मोरच्या पडवीत वाद सुरू व्हायचा, आणि तो कुठूनही निघाला तरी कुकी रोंदोनवर येऊन ठेपायचा. अंतिम सामना, शेवटचा डाव, एक धाव कमी. पहिल्या दोन बेसवर आपले दोन गडी, बाद कुणीच नाही. अशा वेळी बॅट नुसती आडवी धरून चेंडू पायाशी टेकवायचा, स्वतः बाद व्हायचं आणि त्या दोघांना पुढे सरकवायचं. याला म्हणतात बंट. कुकीने तसं न करता बॅट जोरात फिरवली. दोन गडी एकदम गेले आणि सामनाही गेला. पुढच्या हंगामात कुकी संघात दिसला नाही.

“मॅनेजरने बंटच सांगितला होता,” तांक्रेदो म्हणायचा. “मी तिसऱ्या बेसमागे बसून खूण या डोळ्यांनी बघितलीय. पोराला हीरो व्हायचं होतं. वर खेळाडू हेरायला उत्तरेकडचे, अमेरिकेचे पाहुणे बसले होते ना!”

“खूण नंतर पुसली, कोंपाद्रे. कोचने छातीवरून हात फिरवला, म्हणजे हुकूम रद्द. तुम्ही तेव्हा शेंगदाणे घेत होता.”

“मी? शेंगदाणे?”

“तुमच्या डोक्यात अजून त्यांचीच टरफलं आहेत. आणि मुळात बंट हवा कशाला? आपला गडी आपल्याच हाताने बाद करून द्यायचा, ही कुठली अक्कल?”

“अक्कल मॅनेजरची. खेळाडूने हुकूम पाळायचा. त्याला मत कुणी विचारलं?”

विल्मोरची एक सवय होती. दुसऱ्याचं ऐकताना तो आरामखुर्चीत झुलत राहायचा. बोलायची वेळ आली की पाय जमिनीवर रोवून पुढे झुकायचा, आणि खुर्ची तशीच पुढे कललेली थांबायची. त्या थांबण्याची तांक्रेदोला धडकीच भरायची, कारण आता हा काहीतरी बिनतोड बोलणार. एका दुपारी त्याने असाच पाय रोवला, खुर्ची थांबली, तोंड उघडलं, आणि उत्तर आलंच नाही. विल्मोर तिथेच गेला.

नऊ दिवसांच्या प्रार्थना झाल्यावर तांक्रेदो चार वाजता पुन्हा पडवीत आला. दुसरं जायचं तरी कुठे? समुद्राकडचा वारा सुटला होता, रिकामी खुर्ची झुलत होती. सवयीने तो पुटपुटला, “म्हणे खूण पुसली होती!”

खुर्ची थांबली. पुढे कलून थांबली. दोरीवरचे कपडे वाऱ्याने फडफडत होते आणि खुर्ची जागची हलत नव्हती. तांक्रेदोच्या अंगावर सर्रकन काटा आला. मग, खरं सांगायचं तर, त्याला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी तो चार वाजायच्या आधीच हजर झाला.

असं वर्ष सरत आलं. वर्षाची प्रार्थना होते, पांढऱ्या कापडाची वेदी उतरवतात, आणि गेलेला माणूस जातो, अशी तिथली रीत. प्रार्थनेच्या आदल्या दुपारी विल्मोरची बायको एनेरिया हातातला झाडू न ठेवताच तांक्रेदोसमोर उभी राहिली.

“कोंपाद्रे, तुम्ही हरा.”

“काय?”

“तुम्ही बोलून निघून जाता, आणि खुर्ची सकाळपर्यंत तशीच. मी ढकलते, तरी हलत नाही. मुलगी नातवंडांना आणेनाशी झालीय. त्यांचं उत्तर अडकलंय. कुणीतरी हरल्याशिवाय ते जायचे नाहीत, आणि ते काही हरणारे नव्हेत.”

“पण पोराने हुकूम मोडला होता, कोमाद्रे!”

“मोडला असेल नाहीतर नसेल. माझ्या घरातून माझा नवरा जाऊ दे.”

तांक्रेदोने त्या दिवशी जेवण केलं नाही. हरण्याची लाज होतीच, पण खरी भीती वेगळी होती. वाद संपला तर चार वाजता आपण कुठे जायचं, हे त्याला काही केल्या सुचेना.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाली. आल्याचा चहा फिरला. बायकांनी वेदीवरची फुलं काढली, पांढरं कापड उतरवलं. पडवीत खुर्ची कालपासून पुढे कललेलीच होती, आणि जो तो तिच्याकडे बघायचं टाळून मासा आणि डोम्प्लीनचे उकडलेले पिठाचे गोळे खात होता. तांक्रेदो टोपी हातात घेऊन तिच्यासमोर उभा राहिला.

“कुकीने हुकूम मोडला नाही,” तो म्हणाला. “खूण पुसली होती. मी शेंगदाणे घेत होतो. तुम्ही जिंकलात, कोंपाद्रे.”

हे खरं होतं की नव्हतं, ते आता त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. खुर्ची करकरली, मागे कलली आणि वाऱ्याबरोबर झुलू लागली. वारा पडला तशी थांबली, वारा आला तशी हलली. लोकांनी छातीवर क्रूस काढले. एनेरिया धाय मोकलून रडली.

पाहुणे पांगता पांगता चार वाजले. तांक्रेदो कितीतरी वेळ खुर्चीकडे बघत बसला. नुसतं लाकूड. त्याला इतकं पोरकं आईच्या मरणानंतरही वाटलं नव्हतं. शेवटी उठला, पायरी उतरला, टोपी घातली, आणि त्याच्याच्याने राहवलं नाही.

“पण सातव्या डावात डावखुऱ्या पिचरला काढायला नको होतं,” तो खाली बघत पुटपुटला. “मरेपर्यंत म्हणेन मी हे.”

पाठीमागची करकर बंद झाली. वारा तर वाहतच होता. त्याची मागे वळून बघायची छाती झाली नाही. समोर फाटकाशी एनेरिया उभी होती, हातात घडी केलेलं पांढरं कापड. आता ही झाडूच घेणार असं त्याला वाटलं. ती त्याच्या खांद्यावरून पडवीकडे बघत राहिली. मग त्याच कापडाने तिने डोळे पुसले.

“उद्या चारला या, कोंपाद्रे,” ती हळूच म्हणाली. “उशीर करू नका. त्यांना ताटकळायला आवडत नाही.”